निळ्या बुचाची बाटली

वृद्धिघटक बंद करून नऊ दिवस झाले होते. सोळा थाळ्यांमधल्या यकृतपेशी मोजल्या. त्या दुप्पट झाल्या होत्या.

यकृताच्या पेशी एरवी स्वस्थ असतात. त्यांना विभाजनाची आज्ञा देणारे प्रथिन म्हणजे वृद्धिघटक, आणि माझी एकोणीस वर्षे त्याच्यावरच गेली. आज्ञा थांबली की दोन दिवसांत पेशी थांबतात, हे मी आणि इतरांनी अनेकदा पडताळले आहे. आज्ञेवाचून वाढत राहणाऱ्या पेशींच्या रोगाला एक नाव आहे. ते मी वहीत लिहिले नाही. नुसते प्रश्नचिन्ह काढले.

हा घटक तीन आठवड्यांपूर्वी एका माणसाला टोचला होता. चाचणीतला पहिला रुग्ण रामदास, नवागामचा यंत्रमाग कामगार. काविळीत त्याचे यकृत बरेच निकामी झाले होते. नीतिसमितीची परवानगी, सहीचे कागद, सगळे रीतसर होते. टोचलेले परत काढून घेण्याची मात्र काही रीत नाही.

दुसरी मात्रा मी पेशी मोजल्या त्याच दिवशी थांबवली आणि समितीला कळवले. रामदास तपासणीला आला तो हसतच.

"मॅडम, भूक फार लागते आता. मंदा म्हणते, लिव्हर वाढलं का नुसतं पोट, ते आधी विचारा."

"यांचं काही ऐकू नका," त्याची बायको मंदा म्हणाली. "दुसरी सुई कधी, ते सांगा. मशीनवर दुसऱ्याला बसवतील."

"थोडं थांबू या."

तिने माझ्याकडे पाहिले. "काही वाईट आहे का, ताई?"

"अजून माहीत नाही."

सोनोग्राफीत नवे काही दिसले नाही. दोन मिलिमीटरची गाठ सोनोग्राफीत बहुधा दिसत नाही, हे मला माहीत होते. त्यांना नव्हते. रामदास जाताना पाया पडू लागला, तेव्हा मी खुर्चीसकट मागे सरकले.

पुढचे सहा दिवस मी एकेक शक्यता खोडत गेले. जंतुसंसर्ग नव्हता. थाळ्यांच्या चिठ्ठ्या बरोबर होत्या. पेशींची गुणसूत्रे निर्दोष निघाली, पण तेवढ्याने मला झोप लागली नाही. उरला तो पेशींना पोसणारा लालसर द्रव. त्याच्या दोन बाटल्या असत : लाल बुचाच्या बाटलीत वृद्धिघटक घातलेला, निळ्या बुचाच्या बाटलीत न घातलेला. निळीतला नमुना तपासला. त्यात घटक होता, लाल बाटलीतल्याच्या सुमारे विसावा भाग. पेशींना आज्ञा द्यायला या प्रथिनाचे तेवढे प्रमाणही पुरते.

द्रव भरण्याचे काम हेमराज करतो. उधन्याच्या, कापड रंगवणाऱ्या डाईंग मिलमध्ये बावीस वर्षे काढून तो आमच्याकडे आला. इतका स्वच्छ हात प्रयोगशाळेत दुसऱ्या कुणाचा नाही.

"हेमराजभाऊ, लाल बुचाच्या बाटलीतलं निळ्या बुचाच्या बाटलीत कधी घातलंत?"

"घालतो ना, दर बुधवारी." झाडलोट केल्याचे सांगावे तसे त्याने सांगितले. "निळी उघडझाक होऊन जांभळट पडते. थोडी लाल टाकली का शेड बसते."

"कुणी सांगितलं असं करायला?"

"सांगाले कशाले पाहिजे, ताई? कापडाच्या दोन ताक्यांत शेडचा फरक दिसला तर शेठ अख्खा लॉट तोंडावर फेकायचा. इथं तर मोठमोठे साहेब पाह्याले येतात." मग माझा चेहरा पाहून त्याचा आवाज उतरला. "काही बिघडलं का?"

"बसा," मी म्हणाले, कारण मलाच बसायचे होते.

मी स्वतः नवा द्रव भरला, कपाटाला कुलूप लावले, नव्या थाळ्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी पेशी थांबल्या. पुढचे नऊ दिवस रोज मोजल्या. त्या थांबलेल्याच होत्या. यावरून औषध निर्धोक ठरत नाही. या भीतीला आधार नव्हता, एवढेच ठरते. मंदाला फोन करून तेवढेच सांगितले. समितीकडे दुसऱ्या मात्रेची परवानगी मागताना कारण असे लिहिले :

द्रव थोडा उघडा राहिला की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून तो जांभळट होतो. रंग जुळवण्यासाठी साहाय्यकाने त्यात वृद्धिघटकयुक्त द्रव मिसळला. पेशींना आज्ञा मिळत होती, म्हणून त्या वाढल्या. रंग जुळवायचा नाही, हे साहाय्यकाला कुणी सांगितले नव्हते. सांगण्याचे काम माझे होते.