राहिलेले दहा आटे

मी चावी बोलतेय. कुलपाची नव्हे हं. कमरेला खोचावी इतकी नाजूक मी कधीच नव्हते. माझी उंची माणसाच्या छातीएवढी, अंग लोखंडाचं, वर आडवा दांडा आणि खाली चौकोनी तोंड. रस्त्याखालच्या पाइपांना व्हॉल्व्ह असतात ना, ते मी उघडायचे आणि बंद करायचे. हल्ली काय करते ते सांगायला मला जड जातं, म्हणून ते शेवटी.

एका वर्कशॉपात जुन्या सळईपासून मला घडवलं आणि पहिल्याच दिवशी चावीकाकांनी मला खांद्यावर टाकलं. काका पाणीखात्यात होते. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीच्या वेळी ऐकू यायचं. शहराला पाणी दिवसाआड, तेही सकाळी तासभर. कुठल्या गल्लीला केव्हा सोडायचं ते आम्हा दोघांच्या हातात. त्यामुळे आमचा रुबाब काय विचारता! जावयाला मिळत नसेल इतका मान काकांना रस्त्याने चालताना मिळायचा.

माझा एक पूर्ण फेरा म्हणजे एक आटा. काका आटे मोठ्याने मोजायचे. "एक... दोन... तीन..." आवाज कानी पडला की घराघरांत बादल्या-पिंपांची आदळआपट सुरू व्हायची. "झालं!" म्हटलं की सगळे नळाकडे धावायचे. अंगाला आधीच साबण लावून बसलेले महाभागही मी पाहिलेत.

काकांची थोरली बहीण, अक्का, चढावरच्या गल्लीत अगदी टोकाला एकटी राहायची. गुडघे कामातून गेलेले. इतक्या उंचावर पाणी पोचायचंच नाही. एकदा ती काकांना म्हणाली, "गावभर पाणी वाटत फिरतोस. मी या पायांनी खालून बादली कशी आणू, तेवढं सांग."

पुढच्याच पाळीला उतारावरच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी मला व्हॉल्व्हवर बसवलं, आणि चौदा आट्यांचा तो व्हॉल्व्ह चारच आटे उघडला. "चार... झालं!" खाली जाणारं पाणी अडलं आणि वर अक्काच्या मोरीपर्यंत चढलं. खरं सांगते, तेव्हा मलाही बरं वाटलं होतं.

काही महिन्यांनी टेलरमास्तर उतारावरच्या गल्लीत नव्याने राहायला आले; आधीचे चौदा आटे त्यांनी कधी ऐकलेच नव्हते. दुकान त्यांनी गल्लीच्या तोंडाशीच थाटलं. घर मात्र गल्लीच्या शेवटी. मास्तर दर पाळीला काकांबरोबर आटे मोजायचे, शिवणयंत्र न थांबवता. थोड्याच दिवसांत ते म्हणाले, "काका, आमच्याकडे धार अगदी करंगळीएवढी येते हो."

"पाइप जुना झालाय, मास्तर."

काकांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं. मास्तरांनी ते जसंच्या तसं मानलं. त्यांची बायको, जिला काका वहिनी म्हणायचे, शेजारच्या गल्लीतून दोन-दोन बादल्या वाहू लागली. चार वर्षांत तिचा एक खांदा खाली झुकला.

मग अक्का गेली. मला वाटलं, आता काका चौदा आटे देतील. तिसऱ्या दिवशी पाळी आली. "चार..." म्हणून काका थबकले. मास्तर दारातून बघत होते. एकदम चौदा मोजले असते तर, "आज दहा जास्त कसे?" असं त्यांनी विचारलंच असतं. काकांनी मान खाली घातली. "झालं."

कारण संपलं, पण लाजेपायी चार आटे तसेच चालू राहिले.

पुढे शहरात चोवीस तास पाण्याची योजना आली. मोठ्या रस्त्यांखाली नवे पाइप, घरोघरी नवे मीटर. इंजिनिअर मॅडम काकांना घेऊन गल्लोगल्ली फिरल्या. व्हॉल्व्ह कायमचे पूर्ण उघडायचे आणि वर डांबर घालायचं, असं ठरलं होतं. पहिले पाच त्यांनी स्वतः तपासले आणि मग म्हणाल्या, "काका, तुमच्या हातावर माझा विश्वास आहे. तुम्ही सांगाल ते मी लिहीन."

उतारावरच्या गल्लीशी काकांनी मोजायला सुरुवात केली. मास्तर कात्री हातात घेऊन दारात उभे. चार मोजून झाले. माझ्या दांड्यावर काकांच्या तळहातांना घाम सुटलेला मला कळत होता. "पूर्ण उघडला," काका म्हणाले. मॅडमनी लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी काका मला घेऊन एकटेच तिथे गेले. दुकानातून मास्तरांनी हाक मारली, "या काका, चहा घ्या!" काका चहा प्यायले, इकडचं तिकडचं बोलले आणि मला उचलून परत आले. उद्या बघू, असं पुटपुटले. उद्या तिथे रोलर फिरत होता.

साऱ्या शहराच्या नळांना पाणी राहू लागलं. लोकांनी पिंपं विकून टाकली. फक्त उतारावरच्या गल्लीत धार तशीच. "इथला पाइप आतून गंजलाय, पुढच्या टप्प्यात बदलू," असं मॅडमनी कळवलं. काका रोज मनाशी पुटपुटायचे, ऑफिसात जाऊन सांगून टाकतो. एका सकाळी त्यासाठीच चपला घालताना ते दारात कोसळले. अर्धांगवायू. वाचा गेली.

मी कोपऱ्यातून बघायचे. काका डाव्या हाताचं मनगट सारखं फिरवायचे, उघडल्यासारखं. "पाणी हवं का, बाबा?" म्हणत सून पेला पुढे करायची. काका तोंड फिरवायचे.

मास्तर भेटायला आले. उशाशी बसून म्हणाले, "तुमच्या वेळी निदान चार आट्यांचं पाणी वेळेवर यायचं, काका. तुमच्यासारखं माणूस होणं नाही." काकांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मनगट फिरायला लागलं. मास्तरांना वाटलं, चावीची आठवण आली. त्यांनी मला काकांच्या हाती दिलं. काकांनी होती नव्हती ती शक्ती एकवटून मला मास्तरांकडे ढकललं.

"मला देताय?" मास्तरांनी मला छातीशी धरलं. "जिवापाड जपेन."

आठ दिवसांनी काका गेले.

मास्तरांनी शब्द पाळला. मला तेलपाणी करतात, पुसतात. दुकानापुढच्या ताडपत्रीला मी टेकू म्हणून उभी आहे. तो व्हॉल्व्ह माझ्यापासून सात पावलांवर, वीतभर डांबराखाली आहे. तुमच्यापैकी कुणाला माझं बोलणं कळत असेल तर तेवढं डांबर फोडा आणि मला तिथे न्या. काकांना काय बोल लावायचा तो लावा. ते वाईट नव्हते, एवढंच मी म्हणेन.

आत्ताच वहिनी शेजारच्या गल्लीतून दोन बादल्या घेऊन आल्या. इथवर आल्या की त्यांना दम लागतो. बादल्या खाली ठेवून, मला धरून त्या थोडा वेळ उभ्या राहतात आणि मग घराकडे जातात.