शेकोटीपाशी बसलेला जेकब

ओहायोतल्या एका गावात मार्लिस ह्यूबनरबाई अमेरिकेचा इतिहास शिकवायच्या, म्हणजे खरं तर रडवायच्या. यादवी युद्धाचा धडा आला की भिंतीवरचा फोटो उतरवायचा, शेकोटीपाशी बसलेल्या कोवळ्या शिपायाकडे बोट दाखवायचं आणि म्हणायचं, "हा जेकब. उद्या लढाई आहे, हे त्याला ठाऊक आहे." पोरं नाक ओढायला लागली की धडा रंगला. जेकब हे नाव बाईंनीच ठेवलेलं. फोटो जुन्या बाजारातला.

यंदा इतिहासाच्या शिक्षकांचं उन्हाळी प्रशिक्षण होतं आणि त्यातूनच पुढच्या वर्षीचा प्रशिक्षक निवडणार होते. तो मान आपलाच, याबद्दल बाईंना तिळमात्र शंका नव्हती. नवा कोट चढवून, जेकबला बगलेत मारून त्या निघाल्या.

शिकवणारी टेस त्यांच्या लेकीच्या वयाची. "पुरावा हातात आला की आधी विचारा, हा आला कुठून?" हे तिचं सकाळपासून चाललं होतं. बाई मान डोलवत डोनट खात होत्या. हे सगळं नवशिक्यांसाठी.

दुपारी प्रत्येकाने आपला एक धडा घेऊन दाखवायचा होता. बाईंची पाळी आली. जेकब लढाईला निघाला, बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला, पुढच्या रांगेत कुणीतरी चष्मा पुसला. तेवढ्यात शेजारच्या शाळेतला ड्वेन उठून फोटोपाशी आला. तो मूळचा फुटबॉलचा कोच. इकडे कोचच्या गळ्यात इतिहास हमखास बांधतात.

"मार्लिस, हा मी आहे गं."

"कोण?"

"जेकब! कॉलेजात असताना आम्ही जुने गणवेश घालून खोट्या लढाया लढायचो. हा फोटो माझ्या भावाने काढलाय."

"तू? इतका बारीक?"

"होतो गं बाई. आणि दुसऱ्या दिवशी लढाईबिढाई नव्हती, बार्बेक्यू होतं."

खोली हसण्याने दणाणली. बाईही हसल्या, पण नव्या कोटात घाम सुटला होता. प्रशिक्षक म्हणून अर्थातच दुसऱ्याच कुणाची निवड झाली.

ऑगस्टात शाळा उघडली. फोटो कपाटात कोंबावा असं फार वाटत होतं. तरी बाईंनी तो वर्गापुढे ठेवला, जेकबचं नाव गिळलं आणि विचारलं, "सांगा, हा आला कुठून?"

मागच्या बाकावरच्या रोशेलने मान तिरकी केली. "मिस, ह्याच्या मनगटावर गोरा पट्टा आहे बघा. घड्याळ काढून ठेवलंय ह्याने. तेव्हा मनगटी घड्याळं होती?"

बाईंनी चष्मा लावला. होता की पट्टा! इतकी वर्षं डोळे पुसण्याच्या नादात दिसलाच नव्हता. पोरं बाकं सोडून फोटोभोवती गोळा झाली. रडत कुणीच नव्हतं.

मधल्या सुट्टीत बाईंनी ड्वेनला फोन लावला. "शुक्रवारी माझ्या वर्गावर ये. तो गणवेश घालून."

"बटणं लागायची नाहीत, मार्लिस."

"नाही लागली तर नाही. तोही पुरावाच."