घाबरत पोहणारी

मी एक जुनी फळी आहे. लाकडाची नव्हे, पोहायच्या तलावातली, हातांत धरून पाय मारायची फोमची फळी. कडा कुरतडलेल्या, निळा रंग विटलेला. पण मित्रांनो, माझी कीव करायला आला असाल तर आल्या पावली परत जा. मी अजून तरंगते!

कारखान्यात गरम साच्यात दाबून मला घडवलं. तलावावर आले तेव्हा काय माझी ऐट! नवशिकी पोरं माझ्यासाठी भांडायची. कुणी भीतीने दात रोवले, कुणी नखं. "निळी धर, ती दगा देत नाही," असं मोठी मुलं लहानग्यांना सांगायची. मग रंगीबेरंगी नव्या फळ्या आल्या आणि माझी रवानगी पंपाच्या खोलीत, फुटक्या बादल्यांशेजारी झाली.

एके दिवशी नव्या फळ्या पोरांनी पळवल्या होत्या, म्हणून एका बाईने मला बाहेर काढलं. ती रुग्णवाहिका चालवायची. मला मांडीवर घेऊन, पायरीवर बसून तिने शिकवणाऱ्या ताईंना सगळं सांगितलं. एक पेशंट तिच्या गाडीतच, वाटेत गेला होता. तेव्हापासून भोंगा ऐकला की तिचा श्वास अडकायचा. औषध चालू होतं, कामावरून रजा घेतली होती, आणि श्वास सावरायला ती पोहणं शिकायला आली होती.

"श्वास कोंडू नका," ताई म्हणाल्या. "पाण्यात हळूहळू सोडा. बुडबुडे ऐका. मन भरकटणारच. रागावू नका त्याच्यावर, परत बुडबुड्यांकडे आणा."

ती रोज यायची. तिला सोडायला येणारा थोरला भाऊ बाकावर बसून कुरकुरायचा, "या वयात हे काय खूळ! चार लोक काय म्हणतील?"

"त्या चार लोकांना म्हणावं, या पाण्यात!" ती उत्तर द्यायची.

ती हळूहळू सावरत होती. आणि एका सकाळी बाहेरच्या रस्त्यावरून भोंगा वाजत गेला. आम्ही नेमक्या तलावाच्या मधोमध होतो. तिचे पाय थांबले, नाकातोंडात पाणी गेलं. तिने मला इतकं घट्ट धरलं की माझी कड मोडते की काय, असं वाटलं. ताई पाण्यात झेपावल्या. भाऊ ओरडला, "पुरे झालं आता! नोकरी सोड आणि गप घरी बस!"

ती खोकली. डोळे लाल झाले होते. भोंगा अजून वाजतच होता.

"दादा, घाबरले म्हणून बाहेर यायचं का? घाबरत घाबरत पोहते मी!"

तिने तोंड पाण्यात घातलं. बुडबुडे आले, आधी धसमुसळे, मग संथ. पाय मारत ती काठाला लागली. भावाने टॉवेल पुढे केला.

पुढे ती कामावर परतली. आता सुट्टीच्या दिवशी येते आणि फळीशिवाय पोहते. तलावाचे व्यवस्थापक मला भंगारात काढायला निघालेत. काढून तर बघा! एखादी घाबरलेली मूठ मला शोधत येईलच.

मित्रांनो, कुणाचा श्वास अडकला तर त्याला घरी बसवू नका, काहीतरी धरायला द्या. आणि तो तुमचा हात सोडून पुढे निघून गेला, तर मुळीच रुसू नका. फळी असते ती सुटण्यासाठीच.