उणे तीसमधली घरगाडी

मी बोलतेय, उत्तर डकोटातल्या एका बिटाच्या शेताकडेला उभी असलेली घरगाडी. मला इंजिन नाही. पिकअप ट्रकच्या पाठीवर एक लोखंडी बैठक असते, तिला इकडे पाचवं चाक म्हणतात. तिच्यावर मान टेकवायची आणि तो नेईल तिकडे जायचं, हा माझा जन्माचा धंदा. आता मात्र ऑक्टोबरपासून मी जागची हललेले नाही, आणि मला त्याचं काडीचंही दुःख नाही.

माझा जन्म इंडियानातल्या एका कारखान्यात झाला. जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं उरली असताना एका कामगाराने माझ्या कुशीवर 'चारही ऋतूंसाठी' अशी चिकटपट्टी लावली. बाहेर जून महिना होता. बिचाऱ्याने मला उरलेले तीन ऋतू कुठे दाखवले होते! पण मी आपली तोऱ्यात बाहेर पडले.

तोरा आठवडाभर टिकला. पहिले मालक ॲरिझोनाचे. त्यांच्या हातात आधी माझ्या दाराची मूठ आली, मग सरकती भिंत अर्ध्यावर अडकली, मग छत गळलं. त्या वर्षातले दोनशे दिवस मी दुरुस्तीच्या अंगणात, मोडक्या गाड्यांच्या रांगेत काढले. बाईंच्या नाकी नऊ आले. "हिच्यात मी एक अंडंसुद्धा तळलं नाही," असं म्हणत त्यांनी मला मिळेल त्या भावाला काढून टाकलं. खोटं कशाला बोलू, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग ऑरिन आला. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेलेला. त्याने माझा एकेक स्क्रू पुन्हा पिळला, छताला नवा लेप दिला, आणि प्रत्येक नळीपाशी कारखान्यातल्या लोकांचा यथेच्छ उद्धार केला. त्याची बायको व्हर्ना माझ्या ओट्यापाशी उभी राहिली, हात पसरून दोन्ही भिंतींना बोटं लावली आणि हसली. राहतं घर विकून दोघं माझ्यात राहायला आली.

त्यांची मुलगी सिग्ने फार्गो शहरात एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. तिला हे मुळीच पसंत नव्हतं. ती फोनवर म्हणाली, "ख्रिसमसच्या आधीच्या रविवारी मी येते. एक नळ जरी गोठलेला दिसला, तरी गाडी विकायची आणि माझ्याकडे तळघरातल्या खोलीत राहायला यायचं. गिऱ्हाईक मी बघून ठेवलंय."

व्हर्नाने फोन ठेवला. मग ऑरिनला म्हणाली, "त्या खोलीच्या खिडकीतून फक्त लोकांचे बूट दिसतात रे."

ऑरिन कामाला लागला. माझ्या पोटाखाली वारा शिरू नये म्हणून त्याने चारही बाजूंनी फोमचे तक्ते ठोकले, त्यांना गवताच्या गाठी टेकवल्या, पाण्याच्या नळीला विजेची ऊब दिली. इथवर सगळं झकास. पण मग त्याला चेव चढला. छताच्या झडपांमध्ये त्याने उशा कोंबल्या आणि एकूण एक फट चिकटपट्टीने बंद केली.

"अरे, हवेला थोडी जागा ठेव," व्हर्ना म्हणाली.

"गरम हवा विकत घ्यायची आणि आकाशाला वाटायची? मी काय खुळा आहे?"

तो रविवार उजाडला. बाहेर उणे तीस. सगळे नळ खळखळ वाहत होते. लेकीच्या आवडीचा लेफ्सा करायचा म्हणून व्हर्नाने सकाळीच पाच किलो बटाटे उकडायला ठेवले. लेफ्सा म्हणजे बटाट्याची पोळी, इतकी पातळ की लांब चपट्या काठीने उचलून तव्यावर टाकावी लागते. वाफ निघाली, निघतच राहिली, आणि तिला जायला वाटच नव्हती. ती माझ्या छताला लागली, खिडक्यांना लागली, दाराच्या चौकटीत शिरली आणि तिथेच दगड होऊन बसली.

बारा वाजता सिग्नेने दार ओढलं. आतून ऑरिनने खांदा लावला. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण दार ढिम्म हलेना.

"बाबा, काय गोठलंय?"

"नळ नाही! दार! अट नळाची होती!"

"मी इथे उभी गोठतेय, आणि तुम्ही वकिली करताय?"

शेवटी तिनेच शिडी लावली. झोपायच्या खोलीची संकटकाळची खिडकी ऑरिनने बुक्क्या मारून उघडली, आणि चर्चला जायचा नवा कोट घातलेल्या मुख्याध्यापिकाबाई डोक्याकडून पलंगावर येऊन पडल्या. उठून बसतायत तोच छतावरून एक थेंब टपकन त्यांच्या नाकावर पडला.

"आई, घरात पाऊस पडतोय! बस्स झालं. मी त्या गिऱ्हाइकाला फोन करते."

पुन्हा ते अंगण, पुन्हा ती रांग.

व्हर्नाने लेफ्सा उलटायची काठी उचलली, छतातल्या उशीत खुपसली आणि एका हिसक्यात उशी खाली पाडली. वाफेचा लोट धुराड्यासारखा बाहेर सुटला. मी किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला म्हणून सांगू! ऑरिन कानामागे खाजवत बसला.

"आता ऐक," व्हर्ना लेकीकडे वळली. "हे तुझ्या बाबांचं खूळ आहे असं तुला वाटतं ना? गाडी मी पसंत केली. एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांना वाढलं, घरी येऊन जिने चढले-उतरले. आता मला चूल हाताच्या अंतरावर हवी, आणि दाराशी एवढं मोठं आकाश. तुझ्याकडे तू मला सुखात ठेवशील गं. पण मी पाहुणी असेन."

सिग्नेने कोट काढला. मग उठून तिने एकेक नळ उघडून पाहिला. सगळे वाहत होते. मग ती आईशेजारी उभी राहिली आणि पोळपाटावर पीठ भुरभुरवू लागली. तिची पहिली पोळी फाटली, दुसरी नकाशासारखी झाली, आणि ऑरिनने दोन्ही लोणी-साखर लावून मिटक्या मारत खाल्ल्या. मग केस वाळवायच्या यंत्राने दाराचा बर्फ वितळवताना त्याने मोठ्याने गाणी म्हटली, तीही बेसूर.

तेवढ्यात सिग्नेचा फोन वाजला. ते गिऱ्हाईक होतं. पिठाच्या हातानेच तिने तो कानाला लावला.

मंडळी, आजवर मला लोकांनी गाडी म्हटलं, डबा म्हटलं, डोक्याला ताप म्हटलं. मी श्वास रोखून ऐकत होते.

"माफ करा," सिग्ने म्हणाली, "गाडी विकायची नाहीये. हे माझ्या आईचं घर आहे."