वाऱ्याचं मीटर

“आला का वारा?” खाटेवरून म्हातारी ओरडली.

नळ खोकत होता. नुसता फस्स फुस्स. भिंतीवरच्या नव्या मीटरचा काटा मात्र भूत लागल्यासारखा गरगर फिरत होता. सून तोटीखाली हंडा धरून बसलेली, हंड्यात टिपूस नाही. घरटी दोनशे लिटरचा आकडा भरला, खट्ट वाजलं आणि नळ मिटला. आजचं पाणी संपलं.

“आला आणि गेला,” सून म्हणाली.

“मग त्या वाऱ्यानंच धू मला. चार दिवस अशीच लोळतेय. माशा बघ, मी मरायची वाटसुद्धा बघेनात!”

ही सून म्हणजे गावची चावीवाली. नवऱ्यामागं पाणी सोडायची हातभर लोखंडी चावी तिच्याकडं आली, त्याला पंधरा वर्षं झाली. वरची आळी चढावर. पाणी बंद असलं की नळीत हवा भरते. म्हणून ती आधी आळीच्या टोकाचं बूच ढिलं करायची, मग खाली खड्ड्यात उतरून व्हॉल्व्ह पाव फेराच उघडायची. हवा बुचातून निघून गेली की मग पुढचा फेरा. अक्षराशी वैर, पण नळीला कान लावला की पाणी कुणाच्या दारापर्यंत आलंय ते सांगायची.

मग कंपनी आली. विहीर गावाची, टाकी गावाची, नळीचा चरसुद्धा गावानंच खणलेला. “विकत नाही, नुसती चालवायला देताय,” असं कंपनीवाल्यांनी सांगितलं. चोवीस तास पाणी! पुढाऱ्यांवर कुणाचा काडीचा भरवसा नव्हता, म्हणून सह्यांचा कागद देऊन कंपनीनं चावीवालीलाच दारोदार फिरवलं. “वहिनी, तू म्हणतेस ना? मग झालं,” म्हणत लोकांनी अंगठे उठवले.

महिन्यात खड्ड्यात यंत्र बसलं. शहरातल्या बटणावर ते एकदम सताड उघडतं. खालच्या आळीत धो धो पाणी, वरच्या आळीत वारा, आणि चावीवाली घरी.

त्या दिवशी ती कंपनीच्या हपिसात गेली.

“तुमच्या आळीनं रोजचं पाणी पूर्ण वापरलंय,” साहेब पडद्यात बघत म्हणाला.

“साहेब, तो वारा आहे. मीटरला काय कळतंय!”

“मीटर खोटं बोलत नाही, बाई.”

“खरंय. खोटं बोलायला तोंड लागतं.”

साहेबानं मान वर केली. ती म्हणाली, “मला पाव फेरा उघडू द्या. फुकट करते.”

“कंपनीच्या मालमत्तेला हात लावायचा नाही.”

“कुणाच्या?”

“कंपनीच्या. तुमच्याच लोकांच्या सह्या आहेत की.”

परत आली तर आळीतल्या बाया पायरीवर बसलेल्या. शेजारीण फिसकारली, “काय म्हणतोय तुझा साहेब? तूच ओवाळून घेतलास ना गावात! आता पाज आम्हाला.”

ती आत गेली, दारामागची चावी उचलली. ती मागून घ्यायचं कंपनीला सुचलं नव्हतं. यंत्राशेजारी जुना व्हॉल्व्ह तसाच होता. भर दुपारी, सगळ्यांदेखत तिनं बूच काढलं, खड्ड्यात उतरून पाव फेरा दिला, नळीला कान लावला. हवा शिट्टी मारत सुटली. मग बुचाच्या तोंडातून मनगटाएवढी धार पडली. बाया हंडे घेऊन तुटून पडल्या.

तिनं पहिला हंडा म्हातारीवर ओतला. मान, काखा, पाठीवरचे चट्टे, सगळं चोळून धुतलं. म्हातारी लहान पोरीसारखी हसत होती.

तिकडं खालच्या आळीत धार बारीक झाली. कुणी फोन केला हे सांगायला नको. ज्यांनी तिच्या शब्दावर अंगठे दिले, त्यांच्यातलंच कुणी. तासाभरात जीप आली. साहेब उतरला, मागून हवालदार.

“चोरलेलं पाणी कुठाय? जप्त करायचंय,” हवालदार म्हणाला.

कुणी हललं नाही. मग शेजारणीनंच आपला हंडा दारात आणून ठेवला. तिच्यामागं दुसरी, तिसरी. भरलेल्या हंड्यांची रांग लागली. जीपमध्ये एवढं मावेना, तेव्हा हवालदार म्हणाला, “मोजलेत. आता ओता.”

बायांनी ओतले.

“तुझं कुठाय गं?” हवालदारानं चावीवालीला विचारलं.

“म्हातारीच्या अंगावर. पुसून न्या.”

आतून म्हातारी ओरडली, “ये रे बाबा! उशीर केलास तर वाळेल!”

हवालदार उंबऱ्यापर्यंत गेला, आत बघून मागं फिरला. सुनेच्या हातातली चावी तेवढी काढून घेतली आणि जीपकडं बोट केलं. ती चढली. जीप वळून उताराला लागली, तोवर ओतलेलं पाणी ओघळत ओघळत तिच्याआधी खालच्या आळीत पोचलं होतं.