शेवटचे सहा सेकंद

पितरांचा महाळय पक्ष दहा दिवसांवर आला आणि भुवनाचं बसणं-उठणं बिघडलं. लॅपटॉपपाशी बसली की ऊठ, उठली की फोन बघ, बघितला की पुन्हा बस. तंजावूरला मेल वीथी नावाच्या रस्त्यावरच्या आपल्या तीन खोल्यांत ती पायाला भिंगरी लागल्यासारखी फिरत होती. दोन वर्षं सुट्ट्या जाळून तिने एकटीने एक ॲप बनवलं होतं. तंजावूरच्या मराठी घरांतली श्राद्धं चांद्र महिन्याच्या तिथीवर चालतात, आणि भिंतीवरचं तमिळ कॅलेंडर चालतं सूर्याच्या महिन्यांवर. त्यामुळे आजोबांची तिथी यंदा कोणत्या तारखेला येते, हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. नाव आणि तिथी एकदा भरली की ॲप दरवर्षी आठवडाभर आधी आठवण करणार, तेही तमिळ लिपीत, कारण देवनागरी वाचणारं घरात एखादंच.

विकायचं तर ते पक्षाच्या आधीच. एकदा पंधरवडा उलटला की वर्षभर पितरांची आठवण कुणाला येते? जूनमध्ये भुवनाने कॉलेजातली नोकरी सोडली होती. प्राचार्य भले गृहस्थ, त्यांनी जागा दसऱ्याच्या तोंडावरच्या आयुधपूजेपर्यंत राखून ठेवली होती. ॲप चाललं नाही तर मान खाली घालून तिथंच परत जायचं, आणि ते तिला नको होतं.

विक्रीची आखणी चेन्नईच्या जननीने करून दिली. ही तिची जुनी वर्गमैत्रीण, जाहिरातीच्या धंद्यात मुरलेली. तिने पहिलाच प्रश्न टाकला, की आज लोक हे काम कुणाकडून करून घेतात? भुवना म्हणाली, अप्पांकडून, आणि तिचं तिलाच हसू आलं. काखेत कळसा नि गावाला वळसा. तिचे वडील बाळकृष्णराव, गणिताचे निवृत्त मास्तर, ओरत्तनाडूपासून बंगळूरपर्यंतच्या घरांना वर्षानुवर्षं फोनवर तिथ्या सांगत आले होते. फुकट सांगायचे, आणि वर मुलाबाळांची चौकशी.

मग तर सोपंच आहे, असं जननीचं मत पडलं. अप्पांनीच कॅमेऱ्यासमोर बसून अर्धं मिनिट ॲपची शिफारस करायची. त्यांचा शब्द कोण मोडणार? पण भुवनाला दोन दिवस विचारायचा धीर होईना. काम त्यांच्या हातून काढून घ्यायचं आणि दवंडीही त्यांनीच पिटायची, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? शेवटी विचारलं तेव्हा त्यांनी एवढ्यावरच होकार दिला, "सरि, करूं." इस्त्रीचा शर्ट घालून बसले आणि एका दमात बोलले. लेकीने केलं आहे, गणित मी तपासलं आहे, चूक नाही, सगळ्यांनी घ्या. मग जरा थांबून म्हणाले, "पण मज फोन करणं सोडूं नका. मी घरींच असतों."

हे शेवटचं बोलणं सहा सेकंदांचं. जननीने ते ऐकलं आणि काप म्हणाली. फोनवर फुकट मिळतंय म्हटल्यावर विकत कोण घेईल? तिचं खोटं नव्हतं. कापताना भुवनाला वाईट वाटलं, पण वाईट वाटून घ्यायला तिच्यापाशी वेळ नव्हता. सोमवारी सकाळी सातला व्हिडिओ नातलगांच्या सगळ्या ग्रुपवर गेला.

दुपारपासून ॲप खपायला लागलं. तिरुवैयारूच्या एका मावशीने तर चारी सुनांना घ्यायला लावलं. मंगळवारी आणखी खपलं. तरी भुवनाच्या जिवाला चैन नाही. फोन वाजला की दचकायची, नाही वाजला की खपणं थांबलं का म्हणून बघायची. जननीने बजावलं, की आता प्राचार्यांचं नावही काढू नकोस.

बुधवारी दुपारी अप्पा तिच्या खोलीत आले. एरवी पक्ष जवळ आला की त्यांना जेवायला उसंत नसे. गेले तीन दिवस मात्र ते सकाळी अंघोळ उरकून, पंचांग आणि पेन्सिल घेऊन खुर्चीत नुसते बसून होते, आणि एकाच घरात राहून भुवनाच्या ते लक्षात आलं नव्हतं. त्यांनी आपला मोबाइल तिच्यापुढे धरला.

"हा बिघडला की काय, पाहतेस? तीन दिवस वाजलाच नाही."

भुवनाने मोबाइल हातात घेतला. काही बिघडलं नव्हतं. रेंज नाही म्हणून सांगता आलं असतं, आणि त्यांनी ते मानलंही असतं. तिला स्वतःची लाज वाटली. तिने सांगून टाकलं, की मोबाइल चांगला आहे, व्हिडिओतलं तुमचं शेवटचं बोलणं मीच कापलं.

ते रागावतील असं तिला वाटलं होतं. पण अप्पांचा चेहरा उलट खुलला.

"ते आधीं सांगावंस की नाही? मज वाटलं, लोकांस मी नको झालों."

मोबाइल घेऊन ते पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. भुवनाने लॅपटॉप पुढे ओढला, ते सहा सेकंद परत जोडले आणि अख्खा व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर पुन्हा पाठवून दिला. जननीला विचारलं नाही.