अर्ध्याची गॅस्केट

“बाबा, तार दबून किती उरली ते वाच,” म्हणत दक्षानं मायक्रोमीटर बापाच्या नाकाखाली धरला.

“तूच वाच. मला बोटाला कळतं.”

धनेश उधवा गावच्या नाक्यावर सव्वीस वर्षं मोटरसायकली दुरुस्त करत होता आणि स्वतःच्या बोटांवर त्याचा भारी भरवसा. पण ही गाडी शर्यतीची होती. गावातल्या विनोदनं ती आणून दिली, आणि दिली ती दक्षाला. आयटीआय करून आलेल्या या पोरीनं इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, अर्धा मिलिमीटर घासून आणलं होतं. आता हेड आणि ब्लॉकच्या मध्ये तांब्याची चकती, म्हणजे गॅस्केट, किती जाड बसवायची, एवढंच ठरायचं होतं. पातळ बसवली की दाब वाढतो, गाडी उसळी मारते. पण फारच पातळ झाली तर पिस्टन वर जाऊन हेडलाच आपटतो. म्हणून तिनं पिस्टनवर सोल्डरची मऊ तार ठेवून, हेड आवळून, इंजिन हातानं फिरवलं होतं. चपटी झालेली तार, म्हणजे मध्ये उरणारी फट, तिनं तीनदा मोजली.

“अर्ध्या मिलिमीटरची बसेल. पिस्टन आपटणार नाय.”

“वेड लागलंय का? एकाची टाक. इंजिन फुटलं तर नाक्यावर तोंड दाखवायला जागा नाय राहणार.”

“मग घासलेलं हेड फुकटच गेलं ना! एकदा माझ्या मापानं जाऊ दे ना, बाबा.”

अर्ध्याची गॅस्केट मांडून ठेवून ती ऑइल आणायला तलासरीला गेली. धनेशनं ती उचलली, तिच्या जागी एकाची ठेवली आणि हेडचे नट आवळून टाकले. इंजिनाच्या काळजीनं करतोय, असं त्यानं स्वतःला सांगितलं. खोटं कशाला बोला? हल्ली गिऱ्हाईक दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या ‘दक्षा कुठंय?’ विचारायचं, ते त्याला झोंबत होतं.

“बसवलं पण?” परत आल्यावर तिनं विचारलं. “अर्ध्याचीच ना?”

“हो गं बाई.”

भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात शर्यत झाली. वापीचे, सिल्वासाचे पोरगे आले होते. विनोद पाचवा आला. बांधांच्या चढाला गाडी दमच धरीना. हेल्मेट काढून तो सगळ्यांसमोर दक्षावर घसरला, “पोरीच्या हातात इंजिन दिलं, माझंच डोकं फिरलेलं!” धनेश चार पावलांवर उभा होता. तेव्हा एक शब्द बोलला असता तरी पुरे होतं. पण मेला गर्दीत मागे सरकला. विनोदनं गाडी तिथल्या तिथे विकून टाकली, त्यामुळे इंजिन उघडून बघायचीही सोय राहिली नाही.

“माझं माप चुकलं असणार,” दक्षा घरी येऊन म्हणाली. पुन्हा तिनं इंजिनाला हात लावला नाही. महिन्याभरात एका कंपनीत बाटल्यांना झाकणं लावायला लागली.

याला चार वर्षं झाली. आता दुकानात येणारा प्रत्येक जण धनेशलाच विचारतो. त्याला हवं होतं ते मिळालं, आग लागो त्या मिळण्याला.

परवा सकाळी ती घरी डबा विसरून गेली. धनेश तो घेऊन कंपनीच्या बसथांब्यावर धावला. डबा देताना काय झालं कोण जाणे, तोंडातून निघूनच गेलं.

“दक्षा, विनोदच्या गाडीत मी एकाची टाकलेली. तू ऑइल आणायला गेलेलीस तेव्हा.”

 ती रडेल, ओरडेल, डबा फेकून मारेल, कशालाही त्याची तयारी होती. पण तिचे नुसते ओठ हलत होते. ती मनात आकडे मांडत होती.

“म्हणजे माझं बरोबर होतं,” ती म्हणाली.

“बरोबर होतं गं. तू ये परत. सगळं दुकान तुझ्या हातात देतो.”

“आता मला त्यातलं काय येतंय, बाबा?”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

बस आली. दक्षा चढली, खिडकीपाशी बसली आणि बस सुटताना तिनं रोज घरातून निघताना करते तसाच हात केला. धनेशला हात वर करता आला नाही.